साडेपाचचा नळ

पहाटे पाच ते साडेसहा हा दीड तास माझा, असा ठराव आमच्या घरात एकमताने मंजूर झाला होता. त्या दीड तासात मी सायकल चालवायची आणि घरातलं कुठलंही काम मला सांगायचं नाही. ठरावाचा कागद स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला अडकवला होता आणि खाली चौघांच्या सह्या होत्या. मला त्या कागदाचा इतका अभिमान की मी त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवला. आता तो फोटो समोर आला की माझं डोकं फिरतं, आणि आधी माझ्यावरच फिरतं.

आमच्या घरात मागणी तोंडी करत नाहीत. हा आबांचा नियम. आबा म्हणजे माझे वडील. रेल्वेत गँगमन होते, हातोडा खांद्यावर टाकून आयुष्यभर रुळांवरून चालले आणि चालता चालता पत्रकं काढत राहिले. युनियनची, पाण्याची, जयंतीच्या मिरवणुकीला गावातून वाट मिळेना तेव्हाची. "तोंडानं बोल्लं की ती कुरकुर," ते म्हणायचे, "कागदावर लिवलं की मागनी." त्यामुळे शाळेच्या सहलीला जायचं असो की नवीन चपला हव्या असोत, आम्ही भावंडं अर्ध्या कागदावर मागणीपत्रक लिहून त्या खिळ्याला लावायचो. रविवारी जेवणानंतर बैठक, अध्यक्ष आबा. चर्चा, हात वर, निकाल. आमच्या भाजे गावातल्या इतर घरांत पोरं रडून हट्ट करायची, आम्ही मुद्दे मांडायचो.

मी अक्षरंही पत्रकांवरच गिरवली. 'जाहीर निषेध' हे मी न अडखळता वाचलेले पहिले दोन शब्द. गठ्ठे मोजायचे, घडी घालायची, कार्ला फाट्यावर एसटीच्या खिडक्यांतून आत द्यायचे, ही माझी सुट्टी. भिंतीवर चिकटवायची खळ आई शिजवायची. मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद, गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं. आई जाऊन आठ वर्षं झाली. मध्यंतरी मी ट्रंकेतली सगळी जुनी पत्रकं काढून पाहिली. खाली 'आपले नम्र' म्हणून वीस-वीस नावं आहेत. खळ शिजवणारीचं नाव एकाही पत्रकावर नाही. हे मला तेव्हाच लख्ख दिसलं होतं, म्हणून पुढच्या गोष्टीची मला जास्त लाज वाटते.

मी लोणावळ्यात एका रिसॉर्टच्या काउंटरवर काम करते. ड्युटी नऊ तासांची, प्रत्यक्षात अकरा तासांची. शनिवारी-रविवारी तिथे पुण्या-मुंबईहून सायकलवाले येतात. गाडीच्या टपावर सायकली बांधून आणतात, पहाटे राजमाचीच्या नाहीतर भुशीच्या बाजूला फिरून येतात आणि घामेजलेल्या अंगाने माझ्यासमोर उभे राहून विचारतात, "ब्रेकफास्ट किती वाजेपर्यंत?" मीही सायकल चालवते हे एकाला कुठून तरी कळलं. पन्नाशीचा गृहस्थ, पोटऱ्या दगडासारख्या.

"तुम्ही लोक किती नशीबवान! रोज असा रस्ता मिळतो."

"रस्ता मिळतो सर, वेळ मिळत नाही."

"अहो, वेळ कधीच कुणाला मिळत नसतो. काढावा लागतो. मी तीन कंपन्या सांभाळून काढतो."

हे तो बोलत होता तेव्हा पोर्चमध्ये त्याचा ड्रायव्हर फडक्याने त्याच्या सायकलची चेन पुसत होता आणि डायनिंग हॉलमध्ये त्याची बायको दोन पोरांच्या मागे चमचा घेऊन फिरत होती. मी मनातल्या मनात त्याच्यावर एक पत्रक लिहून टाकलं. फार झणझणीत झालं होतं ते. आणि संध्याकाळी घरी येऊन मी माझ्या वेळेसाठीचं मागणीपत्रक लिहायला बसले.

कारण मला शर्यतीला जायचं होतं. लोणावळ्यातून निघून पवनेच्या धरणाला वळसा घालून परत, शंभर किलोमीटर, जानेवारीत. माझी रोड बाईक पुण्यातल्या एका कॉलेजवाल्या मुलीची जुनी, गिअर कधी कधी अडायचे. पण मांड्यांत जोर होता आणि दारातच चढ होता. भाज्यातून लोहगडाकडे जाणारा रस्ता गायमुख खिंडीपर्यंत असा चढतो की पहिल्या वळणावर छाती भरून येते आणि तिसऱ्याला मान खाली जाते. तो चढ रोज दोनदा, आठवड्यातून एकदा चारदा, असा माझा बेत होता.

मागणीपत्रक मी जीव ओतून लिहिलं. श्रम करणाऱ्याचं शरीर मालकाच्या मालकीचं नाही. आराम, व्यायाम, खेळ ही श्रीमंतांची चैन नव्हे. काम करणाऱ्या बाईला दिवसातला एक तुकडा तरी तिचा स्वतःचा हवा. दोन पानं झाली.

त्या रविवारी बैठकीत आम्ही चौघं होतो. आबा, मी, माझा भाऊ आणि वहिनी. भाऊ माझ्यापेक्षा मोठा, तळेगावच्या एका कंपनीत मशीनवर आहे. सव्वासातला फाट्यावरून कंपनीची बस घेतो. वहिनी आंदर मावळातली, तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली, अंगाने काटक, बोलायला कमी.

भाऊ म्हणाला, "पगार मिळणाराय का सायकल मारायचा? आपला आजा पायानं फिरायचा ते पैसं नव्हतं म्हणून. हिला हौस आली."

"हौस लिहिलेली नाही. हक्क लिहिलाय. वाच."

"वाचला. हात वर करतो, पण डबा झाला पाहिजे."

"व्हईल की डबा," वहिनी म्हणाली. तिने हात वर केला. आबांनी वहीत लिहिलं, एकमताने मंजूर.

कुणी करायचा डबा, कुणी भरायचं पाणी, हे त्या दोन पानांत कुठेच नव्हतं. मी लिहिलं नव्हतं आणि कुणी विचारलं नव्हतं.

पाण्याचं सांगायला हवं. आमच्या आळीत नळ पहाटे साडेपाचला येतो आणि सव्वासहापर्यंत असतो. धार करंगळीएवढी. पाइप लावून पिंपात सोडून निघून गेलं की झालं असं नाही, धारेला जोर नसल्यामुळे पिंपापर्यंत पाणी चढतच नाही. खाली हंडा लावायचा, भरला की उचलायचा, पिंपात ओतायचा, परत लावायचा. पंचेचाळीस मिनिटं कुणीतरी तिथे असलंच पाहिजे. आधी आई असायची, मग मी, मग मी आणि वहिनी आळीपाळीने. ठरावानंतर वहिनी एकटी.

तीन महिने मी खिंड चढले. ऑक्टोबरात भात कापणीला आलं, मग कापलं, शेतात पेंढ्या उभ्या राहिल्या, सकाळच्या दवात त्यांचा ओला वास रस्त्यावर यायचा. माझा दम वाढला. रात्री झोप लागायची ती दगडासारखी. काउंटरवर कुणी तोंड वाकडं केलं तरी मनात यायचं, हा माणूस गायमुखाच्या तिसऱ्या वळणावर माझ्या मागे राहील. रिसॉर्टमधल्या हाउसकीपिंगच्या मुलींना मी आमच्या ठरावाचा फोटो दाखवत फिरायचे. म्हणायचे, मागा, घरात मागा, लिहून मागा.

नोव्हेंबरच्या शेवटी एका मंगळवारी खिंडीच्या खालीच माझा मागचा टायर बसला. पंप होता, ट्यूब नव्हती. सायकल ढकलत परत आले तेव्हा पावणेसहा झाले होते, अजून उजाडायचं होतं. आळीच्या तोंडाशी आले आणि मागून कुणीतरी धावत आलं.

वहिनी. गाऊनवर भावाचा जुना स्वेटर, ओढणी नाही, केस घट्ट बांधलेले. पायात भावाचे कंपनीतले बूट, लोखंडी टोकाचे. ती माझ्या बाजूने धाडधाड पुढे गेली, नळापाशी थांबली आणि हंड्यात वाकून बघितलं. हंडा काठाला आला होता. तिने तो उचलून पिंपात ओतला, परत नळाखाली लावला आणि वळली.

"वहिनी, हे काय?"

"काय न्हाई. थंडी वाजत हुती."

"म्हणून सेफ्टी शूज?"

"ताई, हंडा लागलाय. आता बोलू नका, मला मोजायचंय." आणि ती बुद्धविहाराच्या दिशेने पळाली.

मी सायकल भिंतीला टेकवून उभी राहिले. विहाराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत, पुन्हा जाऊन परत. तोवर हंडा भरला. ती गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत हसली.

तेव्हा कळलं. तिने पोलीस भरतीचा फॉर्म भरला होता. माहेरी गेली होती तेव्हा कामशेतात जाऊन. ग्राउंड दीड महिन्यावर आलं होतं, आठशे मीटर आणि गोळाफेक. पुढची भरती निघेपर्यंत तिचं वय उलटून गेलं असतं. म्हणजे ही एकच. शाळेत असताना ती तालुक्याला कबड्डी खेळलेली, हेही मला त्या नळावर कळलं, तीन वर्षं एका घरात राहून. पिंपाच्या मागे वरवंटा ठेवलेला होता. मिक्सर आल्यापासून तो अडगळीत होता असं मला वाटत होतं. गोळा म्हणून ती तो मागच्या खडकाळ सड्यावर फेकायची.

"दादाला माहितीये?"

"न्हाई."

"आणि ठरावाला हात का वर केलात? मला सांगायचं ना!"

"तुमी लिवलं लय चांगलं हुतं," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. "दोन दिस वाचत हुते मी ते. ते वाचूनच फॉर्म भरला."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"टायमिंग कसं घेता?"

"हंडा हाये की. विहारापातूर दोन फेऱ्या म्हंजी आठशे, पावलांनी मोजलंय. हंडा वाहायच्या आत आलं पायजे. आधी जमत न्हवतं. आता शनवार-रविवार तर मी येती तवा हंडा चार बोटं रिकामा असतो. लय सुधारलीय मी, ताई."

शनिवार-रविवार. मी दुसऱ्या दिवसापासून रविवारपर्यंत मोबाइलचं स्टॉपवॉच लावून नळापाशी उभी राहिले. मधल्या वारांना हंडा साडेतीन मिनिटांत भरत होता. रविवारी साडेचार मिनिटं लागली. शुक्रवारी संध्याकाळपासून वरच्या अंगाच्या बंगल्यांत पाहुणे येतात, पोहायच्या टाक्या भरायच्या म्हणून मोटारी लावतात, लाइनमधलं पाणी ओढून घेतात. आमची धार आणखी बारीक होते. वहिनी वेगाने पळत नव्हती, नळ हळू चालत होता. तीन महिने ती एका खोट्या घड्याळावर मेहनत करत होती आणि मनात खूश होती. मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हंडा ओतला आणि एवढंच म्हणाली, "मेल्यांनी माझा टायम बी पिला."

मी म्हणाले, उद्यापासून तुम्ही पळा, मी नळावर. माझी शर्यत काय, पुढच्या वर्षी होईल.

"म्हंजी तुमी नळावर, मी रस्त्यावर," ती म्हणाली. "आन् ती दोगं?"

घरात ते दोघे झोपले होते. एक निवृत्त, एक सव्वासातच्या बसचा. मी लिहिलेली दोन पानं त्यांच्या अंथरुणापर्यंत पोचलीच नव्हती. माझा तुकडा मी वहिनीच्या दिवसातून कापून घेतला होता, कारण तिथे हात घालणं सोपं होतं. मालकाबद्दल लिहिताना माझी लेखणी कशी सुरीसारखी चालते. भावाला उठवायचं मात्र तिला सुचलं नाही. रिसॉर्टमधल्या त्या पोटऱ्यावाल्याला चेन पुसणारा ड्रायव्हर दिसत नव्हता, आणि मला हंडा उचलणारी वहिनी.

त्याच दिवशी, तो रविवारच होता, बैठक झाली. या वेळी कागदावर दोघींच्या सह्या होत्या. मागणी एका ओळीची. पहाटेचं पाणी घरातल्या पुरुषांनी भरावं.

भावाने आधी फॉर्मचं ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. "मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर?" वहिनीने विचारलं.

"तर नको म्हटलं असतं."

"म्हनून न्हाई सांगितलं."

आबा हसले, मग गंभीर झाले. भाऊ हसला नाही. "मी आठ तास मशीनवर उभा असतो. माझी झोप मोडायची? तुमचा दोघींचा वाद आहे, दोघींत मिटवा. एक दिवस हिनं सायकल मारावी, एक दिवस हिनं पळावं."

"मी अकरा तास उभी असते," मी म्हणाले.

"एसीत."

"आणि वहिनी?"

"ती घरीच असते." हे बोलून त्याने वर जोडलं, "पोलीस झाली तर मला हेल्मेट घालून झोपावं लागेल," आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाला.

हात वर झाले. दोन विरुद्ध दोन. अध्यक्षांचं जादा मत. मी आबांकडे बघत होते. या माणसाने कामाच्या तासांसाठी स्टेशनबाहेर उपोषण केलं होतं, मी त्यांच्या मांडीवर बसून घोषणा शिकले होते.

"आळीपाळी बरी," आबा म्हणाले. "दोगींचं बी व्हतं."

"आबा, साहेब म्हणाले असते की गँगमननी आपसात आळीपाळीने विश्रांती घ्यावी, तर तुम्ही ऐकलं असतं?"

"त्ये मालकाशी व्हतं. हितं कोन मालक हाये?"

"त्येच इचारतोय आमी, आबा," वहिनी म्हणाली.

आबांनी वही मिटली. निकाल लिहिलाच नाही त्यांनी, पण बदललाही नाही. मी त्या माणसावर आयुष्यभर प्रेम केलंय आणि त्या दुपारी मला त्यांची वही चुलीत घालावीशी वाटली.

संध्याकाळी मी खिळ्याला एक चिठ्ठी लावली. उद्या पहाटे नळावर आम्ही दोघी नाही.

सोमवारी पाचला निघालो. माझे खेळाचे बूट वहिनीला एक बोट मोठे होत होते, पुढे बोळा घातला. मी सायकलवर, ती पायी, मळवलीच्या रस्त्याला. सायकलच्या मीटरवर आठशे मीटर मोजून मी दोन्ही टोकांना दगड ठेवले. थंडीने बोटं ब्रेकवर वळत नव्हती. मी शेजारून चालवत राहिले आणि ती पळाली. तीन मिनिटं अठ्ठावीस. आकडा ऐकून ती रस्त्याच्या कडेला बसली, डोकं गुडघ्यांत. तेवढ्याला फारसे मार्क नव्हते, हे तिलाही ठाऊक होतं. मला वाटलं, रडते आहे.

"परत," ती म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या वेळी निम्म्यावर तिचे पाय आपोआप थांबले. तिने गावाकडे मान वळवली. साडेपाच झाले होते.

"नळ आला असंल."

"येऊ दे," मी म्हणाले.

ती तशीच उभी होती. शरीराला सवय असते, आणि ही सवय तिला काही जन्मतः लागली नव्हती. आम्ही सगळ्यांनी लावली होती. मी तिच्या नावाने ओरडले, अगदी शर्यतीत ओरडतात तशी. मग ती पळाली. त्यानंतरची, शेवटची फेरी तिने न थांबता मारली, तीन मिनिटं एकोणीस.

साडेसहाला परत आलो. नळ गेला होता. हंडे आदल्या रात्री आम्ही पालथे घातले होते तसेच पालथे. पिंप कोरडं, आत वाकलं की स्वतःचाच आवाज येत होता. आणि न्हाणीच्या दाराशी एक बादली, काठोकाठ भरलेली.

एक. भावाच्या आंघोळीपुरती. म्हणजे तो उठला होता. नळापाशी आला होता, धार सुरू असताना उभा राहिला होता, एक बादली भरली होती आणि मग थांबला होता. न उठता झोपून राहिला असता तर मी इतकी पेटले नसते.

तो अंगणात दात घासत होता. आबा खुर्चीत बसले होते.

"संपाची आधी नोटीस द्यावी लागती," आबा म्हणाले, माझ्याकडे न बघता. "चौदा दिस."

"आणि पिण्याचं पाणी आबा? तुम्ही तर जागे होता."

"मला हंडा उचलंना आता."

"तांब्या उचलला असता."

रूळ उचललेल्या माणसाचे हात खुर्चीच्या दांडीवर होते, आणि मी त्या हातांकडे बघितलं हे त्यांना कळलं.

वहिनीच्या कपाळावरून घाम गळत होता, स्वेटर पाठीला चिकटला होता. तिने काही वाद घातला नाही. दोरीवरचा टॉवेल ओढला, एका हाताने ती भरलेली बादली उचलली, एक थेंब न सांडता न्हाणीत नेली आणि आतून कडी लावली.

"ए!" भावाच्या तोंडातून फेस उडाला. "माझी बस आहे! ए, ऐकू येतंय का?"

आतून पहिला तांब्या पडल्याचा आवाज आला. मग दुसरा. भावाने दार वाजवलं, मग माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. आबा खुर्चीतून उठले, नळापाशी गेले आणि चावी फिरवून पाहिली. नुसती हवा आली.

"नळ साडेपाचला येतोय," वहिनी आतून म्हणाली. "दोगांनी बी गजर लावा."